जोडवर्ग, 34 मुलं आणि 12 टॅब

नमस्कार मॅडम,

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकीचं समजलो असेन तर लक्षात येईल. शाळा द्विशिक्षकी, तुमच्याकडे तिसरी-चौथीचा जोडवर्ग, पट 34. तिसरीत 16, चौथीत 18. एका कंपनीच्या निधीतून 12 टॅब मिळाले. पहिल्याच आठवड्यात वाटप करताना झुंबड उडाली, तीन मुलांनी गेम शोधून काढले, एक टॅब पडता पडता वाचला. तेव्हापासून टॅब कपाटात आहेत आणि शाळा तपासायला येणारे विस्तार अधिकारी विचारतायत की ते कपाटात का. म्हणून तुम्ही विचारलंय, सगळ्या मुलांच्या स्क्रीन आपल्याला एका जागी दिसतील आणि हवं तेव्हा बंद करता येतील असं एखादं सॉफ्टवेअर घ्यावं का?

माझं उत्तर: आत्ता घेऊ नका. पुढेही बहुधा गरज पडणार नाही. हे मी का म्हणतो ते जरा सविस्तर सांगतो, कारण ही सगळी धडपड मी स्वतः केलेली आहे.

मी 21 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवतोय, त्यातली 13 जोडवर्गावर. 22 जून 2015 ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या सरकारी कार्यक्रमाचा शासन निर्णय आला, त्यानंतर गावोगावी लोकवर्गणीतून शाळा डिजिटल करायची लाट आली, तेव्हा आमच्याही गावाने वर्गणी काढून 8 टॅब घेतले. पहिल्या वर्षी माझं तुमच्यासारखंच झालं. एक दिवस घड्याळ लावून बसलो. 40 मिनिटांच्या तासिकेत टॅब वाटायला, चालू करायला, सगळ्यांनी एकाच ठिकाणी यायला 14 मिनिटं गेली. गोळा करायला आणखी 6. म्हणजे अर्धी तासिका टॅबने खाल्ली, आणि तेवढा वेळ तिसरीची मुलं नुसती बसून होती. त्या दिवशी लक्षात आलं की माझी अडचण स्क्रीनवर नाहीच. मुलं हातातून सुटत होती ती एका कामातून दुसऱ्या कामात जाताना.

दुसरी अडचण त्याहून मोठी. जोडवर्गात आपण एका वेळी एका इयत्तेसमोर उभे असतो. पाठीमागे दुसरी इयत्ता काय करतेय, कोण अडकलंय, कोण शेजारच्याचं बघून लिहितंय, हे आपल्याला वह्या तपासताना संध्याकाळी कळतं, आणि तोवर मूल घरी गेलेलं असतं. टॅबचा काही उपयोग असेल तर तो इथे आहे. कोण कुठे अडकलंय हे संध्याकाळऐवजी दहा मिनिटांत कळलं पाहिजे. मुलांना गप्प बसवायला टॅब वापरला तर तो चार दिवस चालतो, पाचव्या दिवशी गोंधळ दुप्पट.

सॉफ्टवेअरच्या कुलपाबद्दल एक गोष्ट सांगतो. 2013 साली अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या शाळांनी मुलांना आयपॅड वाटायला सुरुवात केली. प्रचंड खर्चाची योजना, तज्ज्ञांनी बसवलेलं नियंत्रण. काही दिवसांतच तिथल्या हायस्कूलच्या मुलांनी सेटिंगमधली शाळेची प्रोफाइल पुसून टाकली आणि त्यांना हवं ते उघडायला लागले. तिथे यंत्रणा हरली, तर आपण एकट्याने 12 टॅबच्या कुलपामागे का धावायचं? तुमच्या चौथीच्या मुलांसाठी अँड्रॉइडमधलं ‘ॲप पिनिंग’, म्हणजे पडदा एकाच ॲपवर अडकवून ठेवण्याची सोय, पुरेसं आहे. सेटिंगमध्ये सुरक्षेच्या भागात ते सापडतं. चालू करताना ‘अनपिन करण्याआधी पिन विचारा’ हा पर्यायही चालू करा. मग मूल त्या एका ॲपमधून बाहेर पडू शकत नाही. शिवाय आधीपासून असलेले गेम काढून टाका, यूट्यूब बंद करा, आणि टॅबला वर्गात नेट देऊच नका. माझ्या वर्गात मुलांच्या टॅबला नेट नसतं. नेट असतं फक्त माझ्याकडच्या एका टॅबला.

त्या एका टॅबबद्दलच मला जास्त सांगायचंय. पहिला महिना बाराच्या बारा टॅब मुलांना देऊ नका. एक टॅब तुमच्या हातात ठेवा, बाकीचे कपाटात राहू द्या.

त्या टॅबवर मी सर्वात जास्त काय वापरतो, तर प्लिकर्स नावाचं ॲप. यात मुलांच्या हातात टॅब नसतो, कागदाचं कार्ड असतं. कार्डावर काळ्या चौकटींची नक्षी, आणि चार बाजूंना बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी. फळ्यावर प्रश्न आणि चार पर्याय लिहायचे. मुलाने आपल्या उत्तराची बाजू वर येईल असं कार्ड धरायचं. तुम्ही टॅबचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणत्या नंबरच्या कार्डाने काय उत्तर दिलं ते पडद्यावर येतं. प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी असल्याने शेजाऱ्याचं बघून काही कळत नाही. नेहमीचा संच 40 कार्डांचा आहे, तुमच्या 34 ला पुरतो. कार्डं चकचकीत लॅमिनेट करू नका, खिडकीचा उजेड त्यावर चमकतो आणि कॅमेरा गोंधळतो. जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवा. मुलांना एकच शिस्त लावा, बोटं नक्षीवर येता कामा नयेत.

आता यातून काय हाती लागतं ते एका उदाहरणाने सांगतो, कारण माझी सगळी पद्धत त्या एका दिवशी बदलली. तिसरीला हातच्याची वजाबाकी चालू होती. मी विचारलं, 52 वजा 27. उत्तर 25. वर्गात 19 मुलं, त्यातल्या 11 जणांनी 35 चं कार्ड धरलं. मला वाटलं, चूक सापडली. अकराही जणांना पुढे घेतलं, काड्यांचे गठ्ठे काढले, दशक सुटा करून दाखवला. दुसऱ्या दिवशी तसंच गणित दिलं, तरी पाच जण चुकले.

मग मी एका मुलीजवळ खाली बसलो आणि म्हणालो, मोठ्याने बोलत कर. ती म्हणाली, “दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन घालवले, राहिले पाच. पाचातून दोन गेले, तीन.” पस्तीस. तिच्या शेजारच्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, “एक दशक घेतला, बारातून सात गेले पाच. पाचातून दोन गेले तीन.” त्याचेही पस्तीस. एकाच उत्तरामागे दोन वेगळ्या चुका! मुलीला दशक सुटा करायचा असतो हेच माहीत नव्हतं. मुलाला ते नीट येत होतं, फक्त घेतलेला दशक पाचातून कमी करायचा राहिला होता. मी दोघांना एकच धडा दिला होता. मुलाला त्या काड्यांची गरजच नव्हती. त्याला पाचावर काट मारून वर चार लिहायची सवय हवी होती.

दोष माझ्या प्रश्नात होता. त्या रात्री बसून प्रश्न बदलला: 53 वजा 27. आता बघा. बरोबर उत्तर 26. लहान अंक मोठ्यातून घालवणाऱ्याला 34 येतात. दशक घेऊन कमी करायला विसरणाऱ्याला 36. चिन्ह न बघता बेरीज करणाऱ्याला 80. हे चार पर्याय दिले की कॅमेऱ्याच्या एका फेरीत वर्गाचे चार गट पडतात. 34 वाले माझ्याकडे काड्या घेऊन, 36 वाल्यांना वहीत पाच गणितं फक्त काट मारण्याची, 80 वाल्याला नुसतं चिन्हाला गोल करायला सांगायचं, आणि 26 वाले पुढच्या स्वाध्यायाला. गट पाडायला दोन मिनिटं लागतात, आणि ते रोज बदलतात, त्यामुळे कोणावर ‘ढ’ असा शिक्का बसत नाही.

मॅडम, वर्गाचं व्यवस्थापन म्हणतात ते मला तरी यात दिसतं. ज्या मुलाला त्याच्या अडचणीचं काम मिळालंय ते मूल गोंधळ घालत नाही. गोंधळ घालतं ते ज्याला येतंय तेच पुन्हा करावं लागतं, किंवा ज्याला काहीच कळत नाही ते.

हाती ठेवलेल्या टॅबचा दुसरा उपयोग वाचनासाठी. मी जुलै, नोव्हेंबर आणि मार्चमध्ये प्रत्येक मुलाचं एक मिनिटाचं प्रकट वाचन रेकॉर्ड करतो. परिपाठानंतर रोज तीन-तीन मुलं घेतली की दोन आठवड्यांत वर्ग होतो. फाइलला नाव द्यायचं नाही, हजेरीपटातला नंबर द्यायचा. मार्चमध्ये मुलाला त्याचाच जुलैचा आवाज ऐकवतो. मागच्या वर्षी एका मुलाने जुलैत जोडाक्षर आलं की थांबून माझ्याकडे बघितलं होतं, टॅबवर ती शांतता ऐकू येते. मार्चमध्ये तेच मूल ‘प्रकाश’ आणि ‘सूर्य’ न थांबता वाचून गेलं आणि जुलैची फाइल ऐकून म्हणालं, “सर, हा मी होतो?” आकारिक नोंदी, म्हणजे मुलाच्या प्रगतीच्या वर्षभरातल्या नोंदी, लिहितानाही हे रेकॉर्डिंग कामी येतं. ‘वाचनात प्रगती समाधानकारक’ असं ठोकळेबाज लिहावं लागत नाही.

इथपर्यंतचं सगळं एका टॅबवर होतं, आणि यात मुलांच्या हातात काहीच दिलेलं नाही. हे महिनाभर जमलं की मग बाकीचे टॅब काढा. तेही सगळे नाही, सहा.

सहाच का? तुमची चौथी 18 मुलांची. तीन-तीनचे सहा गट. एका गटाला एक टॅब. त्या वेळी तुम्ही तिसरीबरोबर फळ्याशी. तासिका संपली की अदलाबदल, तिसरीचे पाच गट, एका गटात चार मुलं. उरलेले सहा टॅब चार्जिंगला. लाइट नसण्याचा प्रश्नही यातच सुटतो.

तीन मुलांत तीन कामं वाटून द्या: एकाने टॅब चालवायचा, एकाने मोठ्याने वाचायचं, एकाने वहीत लिहायचं. दर सात-आठ मिनिटांनी कामं फिरवायची. वहीत लिहिणं सोडू नका, फार महत्त्वाचं आहे. पडद्यावर बोट लावून बरोबर उत्तर येईपर्यंत मुलं टिचक्या मारत राहतात. वहीत आधी लिहा, मग टॅबवर दाबा, हा नियम केला की अंदाजपंचे थांबतं. कधी टॅब बंद पडला तरी गटाचं काम थांबत नाही.

वाटपाची झुंबड मोडायला मी जे केलं ते अगदी घरगुती आहे. स्वयंपाकघरात ताटं उभी ठेवायला स्टीलचं ताटाळं असतं ना, तेच आणलं. प्रत्येक खाचेत एक टॅब उभा. टॅबच्या पाठीवर ऑइल पेंटने नंबर, ताटाळ्याच्या खाचेला तोच नंबर. गटाचा नंबर आणि टॅबचा नंबर एकच. गटप्रमुखानेच उठायचं, बाकीच्यांनी बसकरावरून (बसायच्या पट्टीवरून) हलायचं नाही. तासिका संपताना ताटाळ्याकडे नुसती नजर टाकली की कोणती खाच रिकामी आहे ते कळतं, मोजावं लागत नाही. पहिल्या आठवड्यात टॅब चालू न करता फक्त आणणं-ठेवणं याचाच सराव घ्या. मुलांना ते आवडतं, त्यात त्यांना स्पर्धा वाटते. माझ्याकडे 14 मिनिटांचं वाटप तीनवर आलं ते या सरावाने.

आणि एक शब्द ठरवून घ्या. माझ्या वर्गात “पालथे!” म्हटलं की सगळे टॅब पडदा खाली करून बसकरावर. हात मांडीवर. मी बोलत असताना एकही पडदा उजळलेला नसतो. स्क्रीन बंद करणारं सॉफ्टवेअर जे करतं ते हा एक शब्द करतो, फक्त तो कोणासाठी अपवाद न करता रोज पाळला पाहिजे. “पालथे” म्हटल्यावर चालू ठेवणाऱ्या गटाचा टॅब त्या दिवसापुरता ताटाळ्यात जातो, ओरडायचं नाही, चर्चा नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा मिळतो.

टॅबवर काय द्यायचं? बालभारतीच्या पुस्तकांवरचे क्यूआर कोड तुम्ही वापरत असालच. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांना 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला, त्यात या क्यूआर कोडच्या कामाचा मोठा वाटा होता. हे कोड ज्यात उघडतात ते सरकारी दीक्षा ॲप 2017 पासून आहे. पण वर्गात बसून डाउनलोड करायला जाल तर गोल फिरणारं चाक बघत तासिका संपेल. आदल्या दिवशी जिथे रेंज आहे तिथे डाउनलोड करून आणा. तुमच्याकडे एखादा जुना लॅपटॉप असेल तर कोलिब्री हे शिकण्याचं सॉफ्टवेअर बघा. ते फुकट आहे आणि त्याला इंटरनेट लागत नाही. लॅपटॉप एका साध्या राउटरला जोडला की टॅबच्या ब्राउझरमध्ये धडे उघडतात, आणि कोणत्या मुलाने काय पूर्ण केलं, कोणत्या प्रश्नावर अडकलं हे शिक्षकाला दिसतं. मात्र आपल्याला हव्या त्या घटकाचं मराठी साहित्य त्यात आहे का, ते आधी उघडून पाहा. नसेल तर स्वतः केलेले पाच प्रश्न परक्या भाषेतल्या पन्नास व्हिडिओंपेक्षा बरे.

व्हिडिओबद्दल माझं मत थोडं कडक आहे. जोडवर्गात दुसऱ्या इयत्तेला व्हिडिओ लावून देणं सोपं वाटतं, पण त्याचा आवाज तुमच्या शिकवण्यावर चढतो आणि मुलं नुसती बघत राहतात. तीन मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ मी वर्गात लावत नाही. कविता किंवा प्रयोग असेल तर गोष्ट वेगळी.

देखभालीचं थोडक्यात सांगतो. एका टॅबला साधारण 10 वॉट धरा, सहा टॅबला 60, एक चांगला बोर्ड पुरतो. बंद पत्र्याच्या कपाटात चार्जिंग लावून घरी जाऊ नका, आत गरम होतं. मधल्या सुट्टीत, डोळ्यासमोर लावा. उन्हाळी सुट्टीत टॅब पूर्ण उतरलेल्या किंवा पूर्ण भरलेल्या बॅटरीने ठेवायचे नाहीत, निम्मं चार्ज करून, बंद करून ठेवायचे. एका सुट्टीत माझे दोन टॅब शून्यावर राहिले आणि जूनमध्ये ते उठलेच नाहीत. जडवस्तू संग्रह नोंदवहीत (शाळेच्या सामानाच्या वहीत) टॅबचा नंबर, चार्जर वेगळा लिहा, कारण चार्जर आधी हरवतात.

मुलांची नावं आणि फोटो कोणत्याही ॲपमध्ये टाकू नका, नंबर पुरतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्यांच्या माहितीला पालकांच्या संमतीची अट आहे. शाळांना काही सवलती असल्या तरी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पालकांना सगळं दाखवून ठराव घेतलेला बरा. आमच्या बैठकीत आयांनीच विचारलं होतं, “हे आवाज कुठे जातात?” मी टॅब हातात देऊन दाखवलं, तेव्हा त्यांचं समाधान झालं.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या माझ्या अनुभवावरून तुमच्यावर लादणार नाही. पहिली-दुसरी असती तर मी मुलांच्या हातात टॅब दिलाच नसता, तिथे खडे, काड्या आणि चित्रं यांची जागा टॅब घेऊ शकत नाही. तुमच्या गावात दिवसा किती वेळ लाइट असते त्यावर सहा टॅब चालतील की तीन, ते ठरेल. मुलांची घरची बोली वेगळी असेल तर वाचन रेकॉर्ड करण्याआधी बोलणं रेकॉर्ड करा, त्यांच्याच बोलीतली गोष्ट. माझ्या आदिवासी पाड्यावरच्या वर्षांत पुस्तकातली मराठी वाचताना घुटमळणारं मूल त्याच्या बोलीत पाच मिनिटं अखंड बोलायचं, आणि ते ऐकल्यावर मला त्याच्याबद्दलचं माझं मत बदलावं लागलं.

राहिला विस्तार अधिकाऱ्यांचा प्रश्न. त्यांना ‘बाराही टॅब रोज मुलांच्या हातात दिसले पाहिजेत’ असं वाटत असेल तर शांतपणे सांगा. पेरूमध्ये ग्रामीण प्राथमिक शाळांत मुलांना लॅपटॉप वाटले होते. 319 शाळांचा अभ्यास 2012 मध्ये आला. 15 महिन्यांनी मुलांमागे यंत्रांची संख्या 0.12 वरून 1.18 झाली होती, पण गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. आपल्याकडेही यंत्र वाढवून गुण वाढणार नाहीत. तोंडी सांगण्यापेक्षा त्यांना दाखवा: जुलैचं रेकॉर्डिंग, नोव्हेंबरचं रेकॉर्डिंग, आणि वजाबाकीचे चार गट कसे रिकामे होत गेले त्याची वही. माझ्याकडे भेटीला आलेल्या साहेबांनी तीन मुलांचे आवाज ऐकले, त्यानंतर टॅब किती वापरता हे विचारलं नाही, ही पद्धत आपल्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत मांडा म्हणाले.

सोमवारी एवढंच करा. एक टॅब काढा, कार्डं छापा, पुठ्ठ्यावर चिकटवा. तिसरीला 53 वजा 27 विचारा. किती 34 आले आणि किती 36 ते इथे लिहा. 34 जास्त असतील तर काड्यांच्या गठ्ठ्यांचा खेळ मी कोणत्या क्रमाने घेतो ते लगेच लिहून पाठवतो.